एकचे काका

पगार किती वाढला हे ते विचारत नाहीत. दिवाळीचा मिठाईचा पुडा अर्ध्या किलोवरून पाव किलोवर आला तरी त्यांचं काही म्हणणं नसतं. पण जेवणाच्या सुट्टीतलं एक मिनिट इकडचं तिकडे झालं की त्यांच्यातला पुढारी जागा होतो. असा एकजण प्रत्येक ऑफिसात असतो. फोर्टातल्या आमच्या ऑफिसात, जिथे आयात-निर्यातीच्या मालाचे कस्टमचे कागद तयार होतात, तिथे हे पद काकांकडे आहे. काकांना आडनाव आहे, पण ते फक्त पगारपत्रकात. एरवी ते ‘एकचे काका’.

काका बदलापूरचे. काकू पहाटे पाचला उठून डबा करतात आणि काका सहाला घोटभर चहा पिऊन लोकल पकडतात. नऊच्या ठोक्याला खुर्चीत. शेठ राहतात वाळकेश्वरला. ते साडेअकराला पोहे खाऊन, वर केशरी दूध पिऊन, गाडीतून येतात. भांडणाचं मूळ ते एवढंच. ज्याच्या पोटात साडेअकराचे पोहे आहेत, त्याला एक वाजता भूक लागणाऱ्या माणसाच्या निष्ठेविषयी शंका येतेच. शेठना स्वतःला भूक लागते तीनला, आणि आपल्याला भूक लागली की ऑफिसची जेवणाची वेळ झाली, असं त्यांचं सरळ गणित.

काकांची तयारी बारा पन्नासला सुरू होते. आधी शिपिंग बिलांची चळत सरळ होते, मग टेबलावर कालचा पेपर अंथरला जातो. पिशवीतून तीन खणी डबा निघतो. खालच्या खणात आमटी, मधे भाजी-पोळी, वर भात आणि त्यात खोचलेली लोणच्याची चिमुकली डबी. आमटीच्या खणाला काकू रबरबँड लावून देतात. तो काढून काका मनगटावर घड्याळाशेजारी चढवतात. पण झाकण उघडत नाहीत. एक वाजायच्या आत उघडलं तर ते शेठच्या वेळेवर केलेलं अतिक्रमण होईल. बारा अठ्ठावन्नला ते हात धुवायला जातात. ही दोन मिनिटं मात्र कंपनीच्या खात्यावर, कारण हाताला लागलेली स्टॅम्पपॅडची शाई कंपनीची. मग मंगलाष्टकं आटोपताना भटजी ज्या सुरात ‘सावधान’ म्हणतात, त्या सुरात काका म्हणतात, “एक वाजला हो.”

नेमकी त्याच क्षणी केबिनची घंटी वाजते.

“काका, जरा ते कोचीनचं कन्साइनमेंट बघता का?”

“बघतो की शेठ. दीडला.”

“अहो, जेवण काय पळून चाललंय?”

“जेवण नाही पळत शेठ. एक वाजलेला पळतो.”

काका आवाज कधी चढवत नाहीत. आवाज चढवायचा तो कायद्यानं, असं त्यांचं मत. खिशातल्या पाकिटात, काकूंच्या फोटोमागे, घडी घातलेला एक कागद असतो. त्यावर बारीक अक्षरात गिरणगावाचा सगळा इतिहास. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज धाडला. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती आणि दुपारची अर्धा तास विश्रांतीही. “लोकांना लोखंडे आठवतात ते रविवारी,” काका म्हणतात, “मला रोज एक वाजता आठवतात.” पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवायची सक्ती केली. “बारा ते दोन, शेठ! राणीच्या सरकारला कळलं होतं, माणूस तीनला जेवत नाही.”

शेठही कच्चे नव्हेत. त्यांनी वकिलाला फोन लावला. वकील म्हणाले, २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात (तो २०२५ मध्ये बदलला, ही त्याआधीची गोष्ट) लिहिलंय की अर्धा तास सुट्टी दिल्याशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेऊ नये. म्हणजे नऊपासून मोजलं तर दोन वाजेपर्यंत तुमचं राज्य. शेठ खूश झाले. काका म्हणाले, “पाचाहून जास्त नको, असं लिहिलंय. पाच पिळून घ्याच, असं कुठे लिहिलंय?”

मग शेठनी हुकमाचा एक्का टाकला. हा कायदा दहा किंवा जास्त माणसं असतील तिथेच लागू. आपण आहोत नऊ.

त्या दिवशी काका पहिल्यांदाच डबा अर्धा टाकून उठले. माणसं मोजली. नऊच भरली. चहावाला पोऱ्या खालच्या टपरीचा, तो धरता येईना. शेवटी काकांनी पगारपत्रक मागवलं आणि दहावा माणूस सापडला. शेठचे मेहुणे! दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खात्यात पगार जमा, पण ऑफिसात त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

“शेठ, मेहुणे इथे कामाला आहेत ना?”

शेठ बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. हो म्हणावं तर माणसं दहा. नाही म्हणावं तर गेली कित्येक वर्षं हा पगार कसला, असं इन्कमटॅक्सवाले विचारणार. दुसऱ्या दिवशी भिंतीवर काकांच्याच अक्षरात पाटी लागली : ‘जेवणाची सुट्टी १ ते १.३०.’

आम्ही काकांना पेढे दिले, आणि आमचे हाल सुरू झाले. पूर्वी कसं, वेळच ठरलेली नसल्यामुळे कुणी जेवून बँकेत डोकावायचं, कुणी क्रॉफर्ड मार्केटात जाऊन आंबे बघून यायचं, टपरीवर क्रिकेटची चर्चा व्हायची. अर्ध्या तासाचा तास कधी व्हायचा, शेठनाही कळत नसे. आता दीडला काका खाकरतात. आमच्या अकाउंट्सच्या वहिनी एकदा बडीशेप चघळत एक पस्तीसला आल्या, तर काका म्हणाले, “वहिनी, पाच मिनिटं शेठची आहेत. कशी फेडणार?” शेठच्या लाचेनं नव्हे हो, तत्त्वानं! आपला अर्धा तास कुणी खाऊ नये आणि आपण दुसऱ्याचा खाऊ नये, एवढाच त्यांचा धर्म.

शेठना हे बघून गहिवरच आला. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावून मॅनेजर होता का, विचारलं. टेबल वेगळं, पगार वाढीव. काकांनी एक रात्र मागून घेतली. परतीच्या लोकलमध्ये त्यांनी कायदा पुन्हा वाचला, आणि त्यांना दिसलं की व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तो लागूच नाही. मॅनेजर झालो तर एक वाजता उठायचा हक्क गेला! सकाळी त्यांनी बढती परत केली.

शेठनी मग ते पद वाया जाऊ दिलं नाही. मेहुण्यांना मॅनेजर केलं. संध्याकाळी वकिलाचा फोन आला : मॅनेजर मोजायचा नाही, तुम्ही पुन्हा नऊ.

पाटी भिंतीवरच राहिली, पण शेठ तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसू लागले. काका दहाव्या माणसाच्या शोधाला लागले. भेटेल त्याला सांगायचे : तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा. अनुभवाची अट नाही, काम शिकवू. एक वाजता मात्र भूक लागली पाहिजे.