ॲसिटोन आक्का

नागपंचमीला शिराळ्यात चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. अशा दिवशी नखाला कात्री लावायचं नाव कोण काढणार? त्यात पुरणाची दिंडं करायची असतात, आणि चिकटवलेली लांब नखं घेऊन दिंडाची घडी घालून बघावी म्हणजे कळतं. घडी बसते, पण नख पुरणात राहतं. म्हणून मे महिन्यातल्या लग्नात हौसेनं लावून घेतलेली ॲक्रेलिकची नखं घेऊन गल्लीतल्या लेकीसुना पंचमीच्या आधी आक्काच्या दारात जमतात. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं. त्यामुळे लग्नातलं गुलाबी नख श्रावणापर्यंत पुढं सरकलेलं असतं आणि मागं स्वतःचं फिकट नख उघडं पडलेलं असतं.

आक्काचं पार्लर नाही, पाटी नाही, कसला कोर्सही तिनं केलेला नाही. भाचीच्या लग्नात कुणाची तरी नखं निघेनात, तेव्हा हिनं पुढं होऊन ती काढली. तेव्हापासून ही या विषयातली अधिकारी व्यक्ती. प्रत्येक गावात असा एक जण असतोच. कुणी बोटात अडकलेली अंगठी काढतो, कुणी घशातला काटा उतरवतो. पैसे कुणीच घेत नाही, आणि म्हणूनच तो महाग पडतो.

मुळात आक्काला धीर नाही. कराडची एसटी पाच मिनिटं लांबली की ती कंडक्टरच्या घराण्याचा उद्धार करते. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबल्याचा तिचा दाखला नाही. नखाचं काम निघालं की मात्र तिच्या अंगात ऋषी संचारतो. कुणी एटीएमच्या कार्डानं नख उचकटायचा प्रयत्न करून आलं असेल, तर आक्का ते बोट सगळ्यांना दाखवते. "बघा गं. वरचं निघालंच, पर खालच्याचा पापुद्रा बी संगं आला. आगं, नाग कात टाकतो तवा वडून काढतो व्हय? सुटंल तवाच सोडतो." शिराळ्यात हे उदाहरण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जिवंत नागाच्या पूजेवर न्यायालयाची बंदी आल्यानंतर पंचमीला पूजा प्रतिमेची होऊ लागली, तरी नागाचा शब्द इथं अजून चालतो.

मग तयारी. देवघरातलं निरांजन विझतं, गॅस बंद होतो, उदबत्ती बाहेर जाते आणि बिडीसकट घरातल्या आण्णांची रवानगी स्टँडाजवळच्या समर्थांच्या मारुतीकडं होते. ॲसिटोनची वाफ घरातल्या साध्या हवेतही पेट घेते, आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत सरकत शेजारच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत पोचू शकते. आण्णांना हे शास्त्र पटलेलं नाही. हद्दपारी तेवढी पटली आहे. त्यानंतर दारंखिडक्या सताड उघडतात.

ॲसिटोन इस्लामपूरहून येतं. साधं, 'विनाॲसिटोन' लिहिलेलं रिमूव्हर घेऊन येणाऱ्या सुनेला आक्का सांगते, "ह्यानं रंग जाईल, नख जायाचं न्हाई." वाटी काचेची नाहीतर स्टीलची. एका हुशार पोरीनं ॲसिटोन थर्माकोलच्या वाटीत ओतलं होतं. क्षणात वाटीचा तळ नाहीसा झाला आणि वाटीतलं सगळं सोफ्यावर. सरकारनं 2018 साली थर्माकोलवर बंदी घातली. ती पूर्णपणे अमलात आलेली आक्कानं त्या दिवशी पाहिली.

आता मुख्य विधी. वाढीव लांबी नेलकटरनं थोडी थोडी कापायची. वरची चकाकी कानशीनं घासून घालवायची, म्हणजे ॲसिटोन आत मुरतं. पार्लरवाल्या पोरी तिला 'फायलर' म्हणतात. आक्काच्या लेखी ती कानसच. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन. नखाएवढा कापूस भिजवून नखावर ठेवायचा आणि डब्यात चपात्या गुंडाळायच्या फॉइलचे तुकडे बोटाला घट्ट गुंडाळायचे. असं दहाही बोटांचं. मग 20 मिनिटं बसायचं.

आक्काचं खरं दुकान या 20 मिनिटांत उघडतं.

दहा बोटं बांधलेली बाई मोबाइल धरू शकत नाही, चहाचा कप उचलू शकत नाही, पदर सावरू शकत नाही. मध्येच उठून गेली तर केलेलं सगळं फुकट. असा श्रोता कीर्तनकारालाही मिळत नाही. आक्का स्टूल पुढं ओढते आणि विचारते, "मग? सासूबाईंनी पाटल्या दिल्या म्हनं?" फॉइल सुटेपर्यंत पाटल्यांचं वजन, नणंदेचं बिनसलेलं लग्न, दिराचं चांदोलीकडचं वादातलं रान, सगळं बाहेर आलेलं असतं. ॲक्रेलिक आधी सुटतं की मन, हे सांगता येणार नाही. फॉइल काढून लाकडी काडीनं हलकं ढकलायचं. मऊ झालेलं खरवडून येतं. अडलं तर जोर करायचा नाही, पुन्हा कापूस आणि पुन्हा 10 मिनिटं. आक्काला ही दुसरी फेरी मनापासून आवडते. पहिल्या फेरीत राहून गेलेलं तिच्यात विचारता येतं.

ज्ञानदानही चालूच असतं. अशी नखं 1954 साली फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकेतल्या दाताच्या डॉक्टरनं पहिल्यांदा केली असं सांगतात. स्वतःचं नख तुटलं म्हणून. हे कुठूनसं ऐकल्यापासून आक्का आण्णांच्या कवळीकडं बोट दाखवून म्हणते, "ती आन् ही एकाच घरान्यातली." रसायनशास्त्र तिच्या बाजूनं आहे. तेव्हापासून नखांचं गिऱ्हाईक आलं की आण्णा तोंड उघडत नाहीत.

नखाखाली हिरवट डाग दिसला, किंवा दुखून सूज आली असली, तर मात्र आक्का हात लावत नाही. "डॉक्टरला दाव, आज्जच," एवढं एकच वाक्य, आणि बातमी न विचारता रवानगी. या बाबतीत तिनं कधी हयगय केलेली नाही.

परवा पुण्याहून एक नवी सून आली. फॉइल गुंडाळलं, वीस मिनिटं झाली, दुसरी फेरी झाली. नख हूं की चूं करेना, आणि सूनही. आक्काच्या प्रत्येक प्रश्नाला "हो" नाहीतर "बघू". शेवटी उलगडा झाला. ते ॲक्रेलिक नव्हतंच, हार्ड जेल होतं. ते ॲसिटोनला दाद देत नाही. कानशीनं हळूहळू उतरवायचं आणि शेवटचा पातळ थर नखाबरोबर वाढून जाऊ द्यायचा. आक्कानं फॉइल सोडलं आणि कानस हातात घेतली.

इथं मामला फिरला. सुनेची बोटं आळीपाळीनं मोकळी होऊ लागली आणि आक्काचे दोन्ही हात गुंतले. लक्ष हललं तर खालचं नख घासलं जाणार, म्हणून मान वर करायची सोय नाही. सून खुलली. हिंजवडीची ट्रॅफिक, फ्लॅटचा हप्ता, ऑफिसातली मॅनेजर, मॅनेजरचं कुत्रं, कुत्र्याचा डॉक्टर. आक्कानं तीन वेळा तोंड उघडलं, तिन्ही वेळा सून म्हणाली, "थांबा हं आक्का, आधी ऐका तर."

नखं उतरली. शेवटी तेल चोळून घेऊन, नमस्कार करून सून गेली. बोळाच्या टोकाशी ती दिसेनाशी झाल्यावर आक्कानं ॲसिटोनच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि जमलेल्या बायकांना सुनावलं, "हितनं पुढं जेलवालीला सरळ पार्लर दावायचं. त्यात हात आपलंच गुतत्यात."