थांबा, काढतो!

दोन माणसांनी चहाच्या पेल्यावर निर्वेधपणे मतभेदाचे सुख भोगावे, हे ज्यांना साहवत नाही असे एक गृहस्थ प्रत्येक नाक्यावर असतातच. आमच्या सरळगाव नाक्यावर, जेथे शहापूर-किन्हवलीकडचा रस्ता मुरबाडच्या रस्त्याला मिळतो, तेथे ते मानाचे आसन भाऊसाहेबांकडे आहे. माळशेजची वाट जुनी की नाणेघाटाची, असा एखादा निरुपद्रवी वाद रंगात येतो न येतो, तोच भाऊसाहेबांचा मोबाइल सदऱ्याच्या खिशातून बाहेर येतो आणि त्यांच्या मुखातून ते दोन शब्द पडतात : “थांबा, काढतो!”

आता काढतो म्हणजे तत्काळ काढतो, असे कोणी समजू नये. सह्याद्रीने या मुलखाला गडकिल्ले सढळ हाताने दिले. रेंज देताना मात्र हात आखडता घेतला. सबब भाऊसाहेब रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर एक पाय ठेवून व उजवा हात आकाशात उंचावून त्रिविक्रमाच्या मुद्रेत उभे राहतात. इकडे चहा निवतो, वाद मिटतो, वादी आणि प्रतिवादी एकाच एसटीत शेजारी बसून कल्याणला रवाना होतात, आणि मग भाऊसाहेब विजयी मुद्रेने परततात : “निघाले! नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे!” ऐकायला उरलेला असतो तो फक्त कपबशा विसळणारा पोऱ्या.

एका संकष्टीला तर चंद्र कड्यावर चांगला वीतभर चढून आला, सर्वांना दिसला, पोराबाळांनी बोटे करून दाखवला; तरीही चंद्रोदयाची अधिकृत वेळ हाती येईपर्यंत या गृहस्थाने उपाशी मंडळींना पानांवरून थोपवून धरले. भातसा आणि तानसा धरणांतला साठा ते टक्केवारीनिशी, दशांश चिन्हासुद्धा न गाळता सांगतात. तानसाचे पाणी मुंबईला 1892 पासून जाते, हेही सांगतात. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यावर वैशाखात टँकर कधी येणार, एवढे कोणी विचारले की ते चष्मा पुसू लागतात. तेवढे निघत नाही.

या सगळ्यातली गंमत अशी, की हेच भाऊसाहेब एके काळी एका कचेरीच्या दप्तरखान्यात कारकून होते, आणि त्या काळी त्यांच्या ओठांवर दुसरेच दोन शब्द वसत : “उद्या या.” एका फेरफाराच्या नकलेसाठी माझ्या वडिलांनी तेथे अकरा खेपा घातल्या; कागद होता, कपाटही होते, नव्हती ती केवळ आज ही तारीख. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याचा आनंद या तालुक्यात कोणाला सर्वांत अधिक झाला असेल, तर तो त्यांना. कोणाचाही उतारा ते काढून देतात, त्याचे 15 रुपये स्वतःच भरतात, आणि पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरे ओळखायची वेळ आली, की हे शून्य की ‘ओ’, यावर साऱ्या टपरीचे मतदान घेतात. प्रायश्चित्त हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नाही. उच्चारला असता, तर त्यांनी त्याचीही व्युत्पत्ती काढली असती.

गेल्या महिन्यात घाटाकडच्या एका वाडीतून एक म्हातारी आली. फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेची कीर्ती कानी पडल्यापासून तिने नातीजवळ बसून अक्षरे गिरवली होती. नवरा वारल्यावर वारस म्हणून आपली नोंद झाली की नाही, एवढेच तिला पाहायचे होते. “भाऊसाब, माजा नाव हाय का त्यात?” भाऊसाहेब दगडावर चढले, हात उंचावला, आणि बऱ्याच वेळाने खाली उतरून त्यांनी मोबाइल निमूटपणे तिच्यापुढे धरला. स्वतः वाचून दाखवण्याचा मोह त्यांनी आवरल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. म्हातारीने एकेक अक्षर जुळवत आपले नाव वाचले, आणि ते खरेच आहे ना, हे पाहण्यासाठी त्यावर बोट ठेवले. तोच पान सर्रकन वर सरकले आणि नाव दिसेनासे झाले. ती घाबरून भाऊसाहेबांकडे पाहू लागली.

“थांबा आजी,” ते हलकेच म्हणाले, “काढतो.” आणि पुन्हा दगडाकडे वळले.

माझी कल्याणची एसटी समोर येऊन उभी राहिली, घंटी झाली, निघूनही गेली. मी काही बाकावरून उठलो नाही.