पलटण कुठली?

माजी सैनिकाच्या घरात काय काय सापडेल, असं विचारलं तर बहुतेक जण पदकं, फोटो आणि पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली काळी ट्रंक अशी यादी देतील. यादी बरोबर आहे, पण तिच्यात मुख्य वस्तू राहून जाते. माजी सैनिकाच्या घरात शाली असतात. १५ ऑगस्टची शाल, २६ जानेवारीची शाल, गणेश मंडळाची, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची. आमच्या शेजारी राहणाऱ्या सुभेदारसाहेबांचं एक अख्खं लोखंडी कपाट शालींनी भरलंय. काकू दर दिवाळीला त्या उन्हात टाकतात आणि बोहारणीची वाट बघतात. पण बोहारीणही हुशार, ती सत्काराच्या शालीवर चमचासुद्धा देत नाही. साहेबांच्या नोकरीतली बरीच वर्षं बर्फात गेली. तेव्हा एखादी शाल मिळती तर उपयोगी तरी पडली असती. आता मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपाखाली, घामाघूम माणसाच्या खांद्यावर ती पडते आणि वर टाळ्या पडतात.

सत्काराची वेळ पत्रिकेत दहाची छापलेली असते. फौजेत दहा म्हणजे पावणेदहा, त्यामुळे साहेब पावणेदहाला कडक इस्त्रीत पहिल्या रांगेत हजर. तेव्हा मंडपात ते आणि माइकवाला असे दोघंच असतात. प्रमुख पाहुणे साडेबाराला येतात आणि भाषणात म्हणतात, “देशाने हाक मारताच हे वीर क्षणाचाही विलंब न लावता धावून गेले!” साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. याला म्हणतात शिस्त.

सत्कार करू नयेत असं माझं म्हणणं नाही. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जवान निवृत्त होऊन आला की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, दारोदार ओवाळतात, चौकात बॅनर लागतो. बघून डोळे भरून येतात. पण बॅनर आठ दिवसांनी उतरतो आणि तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा चढतो. मिरवणुकीतल्या माणसाला पुढे तीस-चाळीस वर्षं जगायचं असतं. माजी सैनिक म्हटलं की आपल्याला काठी टेकणारे आजोबा दिसतात. प्रत्यक्षात शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेरच घरी येतो. मुलगी सातवीत, घराचं प्लास्टर अर्धवट, बांधावरून भावकीत वाद आणि हा माणूस पहाटे चार वाजता उठून दाढी करून तयार! कशासाठी तयार, ते त्यालाही ठाऊक नसतं. गाव त्याला ‘मेजर’ म्हणतं. दिल्लीला जी बढती इतक्या वर्षांत जमली नाही, ती एसटी स्टँडवरच्या चहावाल्याकडून पाच मिनिटांत मिळते. मग मेजरांना विचारतात, “काय मेजर, कोटा आला का?” कोटा म्हणजे मिलिटरी कॅन्टीनची रम. त्या दिवशी मेजरांना जेवढे मित्र असतात तेवढे महिन्यात एरवी कधी नसतात.

आणि मग तो प्रश्न येतो. लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये, एसटीत, कुठंही येतो. “मेजर, किती उडवले?”

विचारणारा वाईट नसतो. त्याने सिनेमे पाहिलेले असतात आणि आदर दाखवायचा हाच मार्ग, असं त्याला मनापासून वाटतं. पण हा प्रश्न आला की आमचे सुभेदारसाहेब बशीत चहा ओततात आणि तो गार असला तरी फुंकर घालत बसतात. उत्तर देत नाहीत. उत्तरात कुठेतरी त्यांच्या शेजारी उभा असलेला आणि नंतर उभा नसलेला एखादा माणूस असणार, हे पंगतीतल्याला कसं कळावं?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक तिथं आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघरची मुलं फौजेत जात आली आहेत. अशा गावात “किती उडवले?” हे कोण कोणाला विचारणार? तिथं विचारायचा प्रश्न एकच, “पलटण कुठली?”

हा प्रश्न मी एकदा सहज सुभेदारसाहेबांना विचारला आणि ते खुर्चीत दोन इंच उंच झाले. मराठा लाइट इन्फंट्री! मग बेळगावचं सेंटर निघालं, तिथली रिक्रूट असतानाची पळापळ निघाली, १७६८ पासूनचा पलटणीचा इतिहास काल सकाळी घडल्यासारखा निघाला. इंग्रज साहेब मराठा शिपायाला लाडाने ‘गणपत’ म्हणत, तेही निघालं. शौर्याच्या गोष्टी येतील म्हणून मी सावरून बसलो होतो. आल्या त्या सगळ्या लंगरच्या, म्हणजे त्यांच्या भटारखान्याच्या. सियाचीनला अंडं दगडासारखं गोठतं, ते फोडायला काय काय लागतं. टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला कसं नकार देते. रॉकेलच्या बुखारीच्या धुराने सगळ्यांचे चेहरे एकसारखे काळे झाल्यावर हजेरी घेताना उडालेला गोंधळ. आणि एक खेचर, ते एका ठरावीक वळणावर रोज थांबायचं, शिव्यांनी हलायचं नाही, पण कुणी अभंग म्हटला की निमूट चालायला लागायचं. “खेचर बिहारचं होतं,” साहेब म्हणाले, “पर समझता था मराठी.” काकू आतून म्हणाल्या, “आम्हाला नाही कधी सांगितलं हे!” साहेब म्हणाले, “तुम्ही विचारलंत कुठं?”

मग मला कळलं की या माणसाला गौरव भरपूर मिळालाय, टंचाई आहे ती श्रोत्यांची.

भारतात १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा, आपल्या सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती, १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले. २०१६ पासून हा दिवस पाळला जातो. आपल्याला तो माहीत नसतो, कारण आपण त्या सुमारास तिळगुळाच्या गडबडीत असतो. खरं तर इतका सोयीचा योग दुसरा नाही. हातात तिळगूळ आहे, शेजारी माजी सैनिक आहे, गोड बोलायची रीतच आहे. फक्त जिना उतरायचा आहे.

मराठी माणसाला १४ जानेवारी आणखी एका कारणाने ठाऊक असते. १७६१ साली याच तारखेला पानिपत झालं. आपण पानिपत आठवतो ते पडलेल्यांसाठी, परत आलेल्यांची आठवण कमी निघते. महादजी शिंदे त्यातलेच एक. पाठलागात पायावर वार बसून ते पडले होते. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना पाहिलं, उचललं आणि आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणलं, असं सांगतात. महादजी जन्मभर लंगडत चालले आणि जन्मभर राणेखानाला भाऊ मानत राहिले. पुढे राणेखान त्यांचा मोठा सरदार झाला. भिस्त्याने त्या दिवशी भाषण केलं नव्हतं. पाणी वाहायचा बैल त्याने माणूस वाहायला दिला. हाताशी जे होतं तेवढंच दिलं आणि वेळेवर दिलं.

ही वेळेची गोष्ट मला फार मोलाची वाटते. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कायमचं अपंगत्व आलं. त्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधे ४६ वर्षं गेली. मोठ्या मानाला सरकार लागतं, समिती लागते, फाइल लागते आणि फाइलला तिच्या चालीने चालू द्यावं लागतं. लहान मानाला यातलं काही लागत नाही, तो आज दुपारीही देता येतो.

एका बँकेत मी तो देताना पाहिला. दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्याने जिवंत राहू नये अशी शत्रूची मनापासून इच्छा होती, तोच माणूस काउंटरपुढे उभा राहून आपण जिवंत आहोत हे अंगठ्याने सिद्ध करत असतो. त्या दिवशी एका वृद्ध हवालदारांचा अंगठा यंत्र काही केल्या ओळखेना. मागची रांग चुळबुळू लागली. काउंटरवरचा पोरगा उठला, बाहेर आला, आधी खुर्ची दिली, मग ओल्या रुमालाने त्यांचा अंगठा पुसला आणि म्हणाला, “तात्या, घाई नाही. पलटण कुठली तुमची?” तात्यांनी सांगितलं, “महार रेजिमेंट.” आणि काय गंमत, पुढच्याच खेपेला यंत्राने अंगठा घेतला. पुसल्यामुळे घेतला असेल, पण यंत्रालाही पलटणीचं नाव ऐकायचं असावं असं मानायला माझी हरकत नाही.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून. तेव्हा जमणारा निधी माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कामी येतो. आपण पैसे देतो, तिरंगी नव्हे तर तिन्ही दलांच्या रंगांचा, लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा छोटा कागदी झेंडा शर्टाला लावून घेतो आणि संध्याकाळी तो शर्टासकट धुवायला टाकतो. पैसे जरूर द्यावेत. पण पैसे दिले की काम संपलं, असं मात्र वाटून घेऊ नये.

झेलम एक्सप्रेसच्या डब्यात सुट्टीवर निघालेला जवान दाराशी ट्रंकेवर बसलेला दिसला तर बाकावर चार बोटं सरकावं. सोसायटीच्या सभेला सुभेदारसाहेब सातला येणार असतील तर आपण सातला यावं, यापेक्षा मोठी सलामी त्यांना ठाऊक नाही. ते पार्किंगमधल्या गाड्या एका रेषेत लावायला सांगतात तेव्हा ‘हे काय कारगिल आहे का’ असं पुटपुटू नये, गाडी सरळ लावावी. त्यांना फुकट चहा देऊ नका, त्यांना तो घशाखाली उतरत नाही. त्यांच्याकडे काम घेऊन जा. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला पळायला शिकवायचंय म्हणा, आणि पहाटे चारला तयार बसलेल्या माणसाला कशासाठी तयार, याचं उत्तर मिळू द्या.

आणि पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा दारातल्या बंदूकवाल्याकडे नीट बघा. खाकी कपड्यांतला तो ताठ माणूस बरेचदा माजी सैनिकच असतो. त्याला राम राम घाला आणि पलटण विचारा. मधेच तुमच्या टोकनचा नंबर आला तरी उठू नका, टोकन दुसरं मिळतं.