बंद ठेवा, गायब करू नका

भोसरी असो की चाकण, व्हेंडरच्या क्वालिटी रूममध्ये गेज आर अँड आर, म्हणजे मापनातला फरक साधनामुळे किती आणि माणसामुळे किती याची चाचणी, ठरलेला असतो. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीनदा माप, म्हणजे नव्वद रीडिंग. नवा डिप्लोमावाला ती एक्सेलमध्ये भरतो आणि कुणीतरी कधीतरी दिलेल्या जुन्या शीटमध्ये डकवतो. आत कोणतं सूत्र आहे, विचारू नका. ऑडिटर विचारतो तेव्हा खोलीत कुणालाच सांगता येत नाही.

याच आकड्यांचं अनोव्हा, म्हणजे फरकाच्या कारणांचं विश्लेषण, करून देणारं साधन त्याच एक्सेलमध्ये पडून आहे. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, गो, मग ॲनालिसिस टूलपॅकवर टिक. तेव्हा कुठे डेटा टॅबवर 'डेटा ॲनालिसिस' उगवतं. ज्याला ते आहे हेच माहीत नाही, तो एवढ्या आत कशाला जाईल?

नवख्यापासून अवघड गोष्टी दूर ठेवाव्यात, हे मला पूर्ण मान्य आहे. १९८४ मध्ये आयबीएमच्या जॉन कॅरोल आणि कॅरोलिन कॅरिदर्स यांनी डिस्प्लेरायटर या वर्ड प्रोसेसरवर हे तपासलं. प्रगत कमांड बंद केल्या, तर शिकाऊ लोक चुका निस्तरण्यात कमी अडकले आणि काम लवकर शिकले. पण त्यांनी त्या कमांड मेनूतून पुसल्या नव्हत्या. नाव दिसायचं, निवडलं की हे शिकाऊ यंत्रावर मिळणार नाही, असा संदेश यायचा. सारा फरक तिथे आहे. ऑफिस २००० ने कमी वापरातल्या कमांड मेनूतून दडवल्या, लोक त्या शोधत बसले आणि २००७ च्या रिबनबरोबर तो प्रकार गेला.

आपल्या अकाउंट्सवाल्याचं टॅलीप्राइम बघा. एफ-११ दाबलं की मोजक्याच सोयी समोर येतात, पण 'आणखी सोयी दाखवा' ही ओळ त्याच पडद्यावर असते. त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

मायक्रोसॉफ्टने डेटा टॅबवर एक करडं, बंद बटण ठेवावं, नावासकट. आणि पुरवठादारांकडून गेज आर अँड आर मागणाऱ्या गाडीकंपन्यांनी पुढच्या ऑडिटला अहवाल तपासण्याआधी त्या मुलाच्या संगणकावर टूलपॅकची टिक करून द्यावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.