सगळं बंद आहे, मामा!

आमचे नेरडीगोंडा निर्मल आणि आदिलाबाद यांच्या मधे, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. पावसाळ्यात गाड्या इथून कुंटाला धबधब्याकडे वळतात, एरवी न थांबता पुढे जातात. अशा गावात बसून माझा भाचा पुण्यापासून सिंगापूरपर्यंतच्या सर्व्हरांवर पहारा ठेवतो. खरे तर पहारा त्याच्या दुकानातला जुना लॅपटॉप ठेवतो, भाचा झेरॉक्स काढतो.

लॅपटॉपवर ‘अपटाइम कुमा’ चालते. हाँगकाँगच्या लुई लॅम यांनी २०२१ साली हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुले केले. पैसे नाहीत, कोड उघडा, आणि आपल्याच यंत्रावर मांडता येते. काम एवढेच की दर ६० सेकंदांनी वेबसाइटचे दार वाजवायचे. आतून ‘२००’, म्हणजे ‘ठीक आहे’, आले तर हिरवी रेघ. नाही आले तर लाल, आणि टेलिग्रामवर निरोप. दिवसाला १,४४० वेळा विचारपूस. इतकी चौकशी सोयऱ्यांनी केली असती तर मी गाव सोडले असते.

खरी मजा लाइट गेल्यावर. राउटर लगेच मान टाकतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर टक्क जागा. मिनिटभरात पडदा वरपासून खालपर्यंत लाल. “सगळं बंद आहे, मामा!” तिकडे पुणे चालू असते, सिंगापूर चालू असते, बंद असते नेरडीगोंडा. पण लॅपटॉपला ते कसे कळावे? त्याला दिसले नाही, म्हणजे जग बुडाले. (या मताची माणसेही गावात आहेत, पण त्यांना निदान चहा देऊन गप्प करता येते.)

त्यात बंद पडल्याचा निरोपही त्याच मेलेल्या वाटेने जाणार, म्हणजे जातच नाही. लाइट आली की मात्र भाच्याचा फोन टिणटिणू लागतो : अमुक सुरू झाले, तमुक सुरू झाले. आजारपण कुणी कळवलेच नाही, बरे झाल्याच्या बातम्या ओळीने हजर.

पेच जुना आहे. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ हा दुसऱ्या यंत्राला हाक मारून पाहणारा प्रोग्राम लिहिला, नाव घेतले सोनारच्या आवाजावरून. हाकेला उत्तर आले नाही, तर पलीकडचा गेला की मधली वाट तुटली, हे पिंगला सांगता येत नाही. पुढे १९९९ साली इथन गालस्टॅड यांचे नेटसेंट हे पहाऱ्याचे सॉफ्टवेअर आले, तेच नंतरचे नागिओस. त्यात ‘बंद’ आणि ‘पोचता येत नाही’ अशी दोन वेगळी खाती आहेत. वाटेतला राउटर पडला असेल, तर त्याच्या पलीकडच्यांना मेलेले धरायचे नाही. एवढा सभ्यपणा मी यंत्रात पाहिला नव्हता, माणसांत क्वचित.

गिऱ्हाइकांना भाच्याने ९९.९ टक्क्यांचा शब्द दिला आहे. ऐकायला भरभक्कम, पण हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. तेवढे तास आमच्याकडे वळवाचे दोन पाऊस सहज खातात. बरे, ते सर्व्हर इथे नाहीत. इथे फक्त त्यांची काळजी आहे.

कुमात आणखी एक सोय आहे, पुश. आपण विचारायचे नाही. यंत्रानेच ठरल्या वेळी खुशाली कळवायची, आणि कळवली नाही तर बोंब. आमच्या पिढीला हे नवे नाही. “उतरलास की मिस्ड कॉल दे” हा पुशच होता, आणि त्याला पैसाही पडत नसे. भाच्याने महाराष्ट्रात, पांढरकवड्याला मावशीच्या घरी दुसरा कुमा बसवला. इकडचा लॅपटॉप दर मिनिटाला तिकडे खुशाली धाडतो. ती थांबली की तिकडून भाच्याच्या फोनवर निरोप : नेरडीगोंडा डाऊन.

आता पांढरकवड्याच्या यंत्रावर नजर म्हणून इकडचा लॅपटॉप लावला आहे. मी विचारले, “दोन्हीकडे एकदम लाइट गेली तर?”

झेरॉक्सचे कागद सारखे करत तो म्हणाला, “मग मावशी फोन करते, तुमच्याकडं पण गेली का म्हणून.”