सराट्याचं एक टोक वर

सोलापुरात डोंगर नाही, हे मला माउंटन बाइक घ्यायच्या आधीपासून ठाऊक होतं. गच्चीवर उभं राहिलं की चारी दिशांना नजर थेट क्षितिजाला टेकते. मध्ये काही आलंच तर एखादी पाण्याची टाकी येते, आणि तिच्यात पाणी असेलच असं नाही. तरीही दुकानदारानं "कुठं चालवणार, सर?" असं विचारल्यावर मी छाती पुढं काढून "ऑफ-रोड" म्हणालो. तसं आमच्या भागात ऑफ-रोड जायला घराचं फाटक उघडलं तरी पुरतं. आधी ड्रेनेजसाठी खोदलेला, मग केबलसाठी पुन्हा खोदलेला आणि शेवटी दोन्हींच्या नावानं अर्धवट बुजवलेला आमचा रस्ता परदेशात असता, तर तिथं तिकीट लावून शर्यती झाल्या असत्या.

सायकल घरी आली तेव्हा तिची तपासणी झाली.

"मडगार्ड कुठंय?"

"नसतं."

"कॅरिअर?"

"नसतं."

"स्टँड?"

"तोही नसतो."

"घंटी तरी?"

"वेगळी घ्यावी लागते."

"मग अहो, एवढे पैसे कशाचे दिलेत?"

सस्पेन्शनचे, असं मी म्हणालो. शिवाय २१ गिअर आहेत हेही सांगितलं. त्यावर बायकोनं शांतपणे दळणाचा डबा पुढं केला. जो माणूस रविवारी तुळजापूरला सायकलवर जाऊन येतो, तो कोपऱ्यावरच्या गिरणीला स्कूटर काढून का जातो, या प्रश्नाला आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमधल्या एकाही विवाहित सदस्याकडं उत्तर नाही. "कॅरिअर नाही ना," या कारणावर मी बरेच दिवस काढले. मग दिवाळीला मुलीनं कॅरिअर भेट दिलं. ते माळ्यावर आहे.

आमचा ग्रुप पहाटे ५ वाजता चार पुतळ्यांपाशी जमतो. सूर्य उगवायला अवकाश असतो, पण गॉगल सगळ्यांनी चढवलेले असतात. एक डॉक्टर, एक बँकवाले, एक टॉवेलचे कारखानदार (यांना अख्खं गाव 'मालक' म्हणतं, त्यांचे कामगार सोडून), दोन इंजिनिअर आणि मी. सायकलिंग हा पायांचा खेळ आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. तो तोंडाचा आहे. पाय फक्त सल्ला देणाऱ्याला सल्ला घेणाऱ्याच्या शेजारी टिकवून धरण्यासाठी असतात.

सीटचंच घ्या. डॉक्टर म्हणतात, टाच पेडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे एवढी सीट वर हवी, नाहीतर गुडघे जातात. मालक म्हणतात, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर माणूसच जातो. माझ्या सीटची उंची त्या रविवारी कोण आलंय त्यावर ठरते. हवेचंही तेच. रुंद टायरला ४० पीएसआय पुरे, असं एक इंजिनिअर सांगतो. दुसरा अंगठ्यानं टायर दाबून "ही हवा हाय का आजारपण?" असं विचारतो. पुढचं मोठं दातेरी चाक आणि मागचं मोठं दातेरी चाक एकाच वेळी लावू नको, चेन तिरकी पडते. चढ लागायच्या आधीच गिअर उतरव, लागल्यावर नको. डांबरी रस्त्यावर पुढचं सस्पेन्शन लॉक कर. हे सगळे सल्ले बरोबर आहेत. अडचण इतकीच, की ते सगळे एकाच वेळी, चढावर आणि दम लागलेल्या माणसाला मिळतात. एक सल्ला मात्र बाजूला घेऊन, आवाज खाली आणून दिला जातो. तो म्हणजे गादीवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. हा ज्याला वेळेवर मिळाला नाही, तो सोमवारी ऑफिसात उभ्यानं काम करताना दिसतो.

खाण्यावर तर पक्ष पडलेत. डॉक्टर इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या वाटतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत पुरी केली, तेव्हापासून आमच्या डॉक्टरांच्या शब्दाला नुसतं वैद्यकीय नव्हे तर क्रीडाविषयक वजनही आलंय. मालकांच्या पाठीवरच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते. आणि खरं सांगायचं तर हिप्परग्याच्या तलावावर पोचल्यावर गोळ्यांचा पक्ष भाकरीच्या पक्षात विलीन होतो.

मी स्वतः सल्लागारपदी बढती मिळवली ती इतिहासाच्या जोरावर. नवा माणूस आला की माझा चेहरा उजळतो. त्याला मी मरिनची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात सत्तरच्या दशकात काही टाळक्यांनी जुन्या जाडजूड श्विन सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायचा उद्योग मांडला. १९७६ पासून त्याची शर्यत झाली. ब्रेक मागच्या हबमध्ये. उतारावर तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा, आणि खाली आल्यावर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव 'रिपॅक'. पुढं १९७७ साली जो ब्रीझ यानं खास याच कामासाठी सायकल बांधली, आणि १९९६ साली अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. एवढं सगळं मी एका दमात, म्हणजे थांबलेलो असताना, सांगितलं. नवा मुलगा अस्सल सोलापुरी निघाला. म्हणाला, "म्हणजे वर ढकलत न्यायची आन् ब्रेक जाळत खाली यायचं. ह्यात नवीन काय बे?"

पण माझा खरा अधिकार काट्यांवर आहे, आणि इथं मला कुणी अडवू नये.

जगातल्या सायकलवाल्यांना डोंगर असतील, आमच्याकडं काटे आहेत. नान्नजच्या माळावर लोक माळढोक शोधत हिंडतात तसं काट्याला शोधावं लागत नाही, तो आपण होऊन येतो. देशी बाभळीचा काटा पांढरा, सरळ, लांब आणि जोडीनं येणारा. हा सरळमार्गी काटा. टायरमध्ये घुसला तर बाहेर दिसत राहतो, ओढला की निघतो. बोरीचा एक काटा सरळ आणि एक वाकडा. तो टायरपेक्षा शर्टात जास्त रस घेतो. वेडी बाभूळ मात्र वेगळ्या जातकुळीची. ही मूळची अमेरिकेकडची. जळणाला होईल आणि ओसाड जमीन झाकेल म्हणून इंग्रजांनी ती १८७७च्या सुमारास हिंदुस्थानात आणली. आमच्या सोलापुरात जुनी मिल सुरू झाली तीही त्याच सुमारास. मिल केव्हाच बंद पडली, वेडी बाभूळ अजून तीन पाळ्यांत चालू आहे. तिच्या काट्याचं टोक टायरच्या रबरात मोडून राहतं. तुम्ही नवी ट्यूब घालता, हवा भरता, टाळ्या देता आणि पन्नास पावलांवर पुन्हा फुस्स.

आणि सगळ्यांचा राजा म्हणजे सराटा. जमिनीला चिकटून पसरलेली वेल, इवलीशी पिवळी फुलं, दिसायला गरीब. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याचे काटे अशा बेतानं बसवलेले की तो कसाही पडला तरी एक टोक वर. उगवतो कुठं, तर रस्त्याच्या नेमक्या कडेला, जिथं ट्रकनं हॉर्न दिल्यावर सायकलवाला उतरतो तिथं. हाच सराटा आयुर्वेदात गोखरू म्हणून सन्मानानं वावरतो आणि लघवीच्या तक्रारीवर दिला जातो. एकाच वनस्पतीनं माझ्या चाकाची हवा जावी आणि आमच्या शेजारच्या आजोबांचं अडलेलं सुटावं, ही निसर्गाची समदृष्टी मी नव्या मुलांना नेहमी ऐकवतो. ती ऐकून कुणी प्रभावित झाल्याचं आठवत नाही.

तुळजापूर रोडवर एक पंक्चरवाले मामा बसतात. पहिल्यांदा माझी सायकल तिथं टेकवली तेव्हा त्यांनी ट्यूबचा तो बारीक, सुईसारखा व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून सकाळच्या उन्हात बघितला. "ह्याच्यात हवा घालायची का इंजेक्शन?" पण काम त्यांचं बघत राहावं असं. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात इंचाइंचानं सरकवायची, बारीक बुडबुड्यांची रांग उठली की तिथं काडी टोचून खूण. मग कोरडं पुसून कानस, सोल्युशन, फुंकर, पॅच आणि वर हातोडीचे हलके ठोके. आम्ही मंडळी इथंच थांबतो. मामा थांबत नाहीत. ते टायरच्या आतून अंगठा फिरवतात, डोळे रस्त्याकडं, अंगठा आपला चाललेला. एका जागी तो थबकतो. नखानं उचकटून त्यांनी मोडका, काळपट, तिळाएवढा काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या मालक, तुमचा डोंगर."

त्यांची स्वतःची काळी सायकल मागं भिंतीला टेकलेली होती. कॅरिअर, स्टँड, घंटी, चेनकव्हर, सगळं जागेवर. मी विचारलं, "तुमची नाही होत का पंक्चर?"

"हुतीय की. आमी कुणाला सांगत न्हाई."

हे वाक्य मला त्या काट्यापेक्षा खोल गेलं. माझे वडील मिलमध्ये होते. भोंग्याच्या आधी अर्धा तास त्यांची सायकल निघायची, रात्रपाळी असली तर डायनामोच्या उजेडात. हँडलला डबा, कॅरिअरला कधी मी, कधी रॉकेलचा कॅन, कधी दोन्ही. नगरपालिकेचा सायकलकराचा बिल्ला ठोकलेला. या जाण्यायेण्याला त्यांनी कधी 'राइड' म्हटलं नाही. किती किलोमीटर झाले ते मोजलं नाही, आणि त्यांना बघून रस्त्यात कुणी अंगठा वर केला नाही. मिल बंद पडल्यावरही ते बरेच महिने त्याच वेळी सायकल पुसायला बसायचे. पुसून परत जिन्याखाली लावून ठेवायचे.

आम्ही रविवारी अक्कलकोट रोडला निघतो तेव्हा एमआयडीसीकडं जाणारी अशी माणसं आजही भेटतात. यंत्रमागावर जाणारी, कॅरिअरला डबा बांधलेली. समोरून हेल्मेटवाला अनोळखी सायकलस्वार आला की आमचे सगळ्यांचे हात वर जातात. डबेवाला शेजारून गेला की कुणाचाच जात नाही. जो आठवड्याला सहा दिवस चालवतो तो आमच्या लेखी सायकलिस्ट नाही, आणि जो एक दिवस चालवून सहा दिवस त्याबद्दल बोलतो तो आहे. याचा मला राग येतो. माझाही हात वर जात नाही, म्हणून जास्त येतो. अप्पर लाइट लावून अंगावर येणाऱ्या मोटारींना मात्र आमच्यातला आणि त्याच्यातला फरक कळत नाही. त्या दोघांनाही सारखंच सराट्यात उतरवतात.

असो. तुळजापूरच्या घाटाचं सांगायचं राहिलं. सोलापूरहून ४५ किलोमीटर सपाटीनं लाड केल्यावर बालाघाट एकदम हिशेब मागतो. आमच्या हक्काचा डोंगर तो एवढाच. कोजागिरीच्या सुमारास सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर चालत देवीला जातात, बरीचशी अनवाणी. त्या दिवसांत एकदा मी घाटात २१ पैकी सगळ्यात हलका गिअर लावला, तोही जड वाटला, म्हणून उतरून सायकल हातात धरून चालू लागलो. शेजारून एक मावशी आल्या. डोक्यावर बोचकं, पायात काही नाही, श्वास एकदम नेहमीचा.

"बिघडली का बाबा सायकल?"

"हो मावशी," मी म्हणालो.

"आई नीट करंल," असं म्हणून त्या पुढं गेल्या. वळणापर्यंत त्यांना गाठावं असं मनात होतं, पण सायकल ओढून चालणाऱ्याला ते जमत नाही. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "सीट वर घ्या, सीट!"

तर तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. रविवारी पहाटे ५, चार पुतळ्यांपाशी. सायकल कुठलीही चालेल, कॅरिअरवाली असेल तर उत्तमच, मालकांची भाकरी ठेवायला होईल. वाटेत डबेवाला भेटला तर हात आधी आपण वर करायचा, हा नियम मी पुढच्या रविवारी मांडणार आहे, तुम्ही दुजोरा द्या. सल्ला फुकट आणि न मागता मिळेल. ट्यूब मात्र आपापली आणा. माझ्याकडं जादाची एकच असते, आणि ती मी देत नाही.