प्रति, मा. ओपन डायलॉग साहेब

मु. पो. फाइल मेनू, ता. वर्ड, जि. विंडोज

विषय : डोळ्यांदेखत हरवणाऱ्या फायलींबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, सोसायट्यांचे सेक्रेटरी, प्रश्नपत्रिका काढणारे गुरुजी आणि झेरॉक्सच्या दुकानातली मुलं, अशी समस्त अर्जदार मंडळी रोज आपल्या दारात उभी असते. फाइल त्यांनीच टाइप केलेली असते. तरी आपला एकच सवाल : कुठल्या फोल्डरात? ते ठाऊक असतं तर मंडळी इतका वेळ माउस फिरवत बसली नसती.

आपल्या घराण्याने दिवस पालटलेले पाहिले आहेत, हे अर्जदारांना मान्य आहे. डॉसच्या राज्यात नावाला 8 अक्षरं आणि मागे 3 अक्षरांचं शेपूट, एवढीच परवानगी होती. रोमन लिपीत ‘ग्रामसभा’ लिहायला 9 अक्षरं लागतात; म्हणजे सभेचं शेवटचं अक्षर बाहेरच. मग विंडोज 95 आलं आणि 255 अक्षरांपर्यंत मुभा मिळाली.

त्या मुभेचं काय झालं, ते आपणच पाहता. नव्या मजकुराला नाव सुचवताना आपले बंधू सेव्ह ॲज पहिली ओळ उचलतात. मराठी अर्जाची पहिली ओळ काय असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. परिणामी पाणीपट्टीची नोटीस, रजेचा अर्ज आणि सरपंचांचं स्मरणपत्र, तिघांचंही नाव ‘प्रति’. त्यावर उपाय म्हणून ‘प्रति नवीन’, ‘प्रति नवीन फायनल’, ‘प्रति फायनल सहीसाठी’ आणि साहेबांनी दुरुस्ती सुचवली की ‘प्रति फायनल सहीसाठी 2’. शहाणा कारकून जावक क्रमांकच नाव म्हणून द्यायला जातो, तर 45/2025 मधली तिरकी रेघ नावात चालत नाही.

तारीख घालावी, तर 02-01-2025 वर बसते आणि तिच्या दोनच दिवस आधीची 31-12-2024 पार तळाशी. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की रांग सरळ लागते. एवढी साधी गोष्ट नाव देणाऱ्याला कुणी सांगत नाही.

गाळणीबद्दल तर गंभीर तक्रार आहे. पेनड्राइव्हमध्ये सात-बाराचा स्कॅन जेपीजी रूपात व्यवस्थित असतो. वर्डमधून उघडावा, तर आपण कोरी पाटी दाखवता. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत ‘ऑल वर्ड डॉक्युमेंट्स’ लिहिलेलं असतं, म्हणजे बाकीच्यांना आपण स्वतःच दडवलेलं असतं. तोवर इकडे पेनड्राइव्हला व्हायरस लागल्याचा निकाल लागून फॉरमॅट मारायची तयारी झालेली असते.

शिवाय आपली भेट मिळणंही अवघड झालं आहे. पूर्वी कंट्रोल-ओ दाबलं की आपण हजर. वर्ड 2013 पासून मध्ये पूर्ण पानभर दिवाणखाना लागतो, आणि ‘ब्राउझ’वर टिचकी मारल्यावर आपण बाहेर येता. कंट्रोल-एफ12 दाबलं तर थेट भेट होते, पण ही खिडकी माहीतगारांसाठीच उघडी दिसते. नावाच्या चौकटीत दोन टिंबं देऊन एंटर मारलं की एक फोल्डर वर जाता येतं, पत्त्याच्या पट्टीत मोकळ्या जागी टिचकी मारली की पूर्ण मार्ग दिसतो, ‘डेट मॉडिफाइड’वर टिचकी मारून कालचं काम वर आणता येतं, एफ2 दाबून तिथल्या तिथे नाव बदलता येतं. एवढी सोय बाळगून पाटी मात्र एकाही दारावर नाही.

सबब विनंती की, (1) गाळणीमुळे फायली दडल्या असतील तेव्हा ‘इथे इतर प्रकारच्या फायली आहेत’ असं ठळक सांगावं. (2) बंधूंना समज देऊन नाव ‘विषय’ या ओळीवरून सुचवायला लावावं. (3) तसं जमेपर्यंत किमान ‘प्रति’ हे नाव सुचवणं बंद करावं.

आपले विश्वासू,
समस्त अर्जदार

सोबत : मूळ अर्ज जोडायचा होता. फाइलचं नाव ‘प्रति’ असल्याने शोध चालू आहे.

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव : मा. सेव्ह ॲज, एफ12, शेजारचीच खोली.